गोष्टीतली बाई रडते तेव्हा

(स्त्री-गटांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर पोटगी, २००५चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा, समुपदेशन केंद्रांची कामाची पद्धत असे विषय आहेत आणि त्यांच्या मधोमध परीकथा! जेवणाआधी थोडी करमणूक म्हणून हा विषय ठेवलेला नाही, हे सुरुवातीलाच सांगते. आपल्याकडे येणाऱ्या बाईचं दुःख आपण कुठे ठेवतो, हा माझ्या बोलण्याचा खरा विषय आहे. तिथे पोचायला मी गोष्टींची वाट घेतली आहे, कारण मरणाबद्दल, विरहाबद्दल आणि मुलगी बाई होते त्या वाटेवरच्या भीतीबद्दल बायका शेकडो वर्षं गोष्टींतूनच बोलत आल्या आहेत. गेल्या पन्नासेक वर्षांत युरोप-अमेरिकेतल्या काही लेखिकांनी या जुन्या गोष्टी मोठ्यांसाठी पुन्हा सांगितल्या. त्या गोड नाहीत. काही वाचून अंगावर काटा येतो. पण आपल्या कामाशी त्यांचा जवळचा संबंध आहे.

गोष्टी कुणाच्या होत्या?

हिमगौरी आणि सात बुटके, सिंड्रेला, लाल टोपीवाली मुलगी या गोष्टी आपल्या मुलांनी रंगीत चित्रांच्या पुस्तकांतून आणि सिनेमांतून ऐकल्या-पाहिल्या आहेत. त्या मुळात फक्त मुलांसाठी नव्हत्या. जर्मनीत याकोब आणि विल्हेल्म ग्रिम या भावांनी आपला संग्रह १८१२ साली काढला, तेव्हा त्यांना जुनं लोकसाहित्य जतन करायचं होतं. त्यांना गोष्टी सांगणाऱ्यांत बायका पुष्कळ होत्या. हासेनफ्लुग घराण्यातल्या बहिणी, शेजारच्या विल्ड कुटुंबातल्या मुली, आणि डोरोथेआ फीमान ही एका खाणावळवाल्याची मुलगी आणि शिंप्याची बायको. पुस्तकावर नाव मात्र भावांचं. यात आपल्याला आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही.

पुढे १८५७पर्यंत या संग्रहाच्या सात आवृत्त्या निघाल्या. पुस्तक घराघरांत मुलांना वाचून दाखवलं जाऊ लागलं, तसतशी विल्हेल्म त्यावर हात फिरवत गेला. पहिल्या आवृत्तीतली रापुन्झेल भोळेपणाने विचारते की माझे कपडे अंगाला घट्ट का होऊ लागले? म्हणजे तिला दिवस गेले आहेत. पुढच्या आवृत्तीतून हे वाक्य गेलं. पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी ही तिची सख्खी आई आहे. १८१९मध्ये ती सावत्र झाली. हान्सेल आणि ग्रेटेल या भावंडांना उपासमारीपायी रानात सोडायला लावणारी आईही सख्खीच होती, ती १८४०मध्ये सावत्र झाली. मुलांना मारणं, उपाशी ठेवणं, टाकून देणं, ही हिंसा गोष्टींतून फारशी कमी झाली नाही. बाईच्या शरीराबद्दलचं खरं बोलणं मात्र गेलं. आणि आईला मुलांचा राग येऊ शकतो, तिला मत्सर वाटू शकतो, भुकेने तीही क्रूर होऊ शकते, हे कबूल करणं जड गेलं म्हणून तो सगळा राग सावत्र आईच्या खात्यावर टाकला गेला.

इंग्लंडच्या मरीना वॉर्नर यांचा ‘फ्रॉम द बीस्ट टू द ब्लाँड’ हा या विषयावरचा मोठा ग्रंथ १९९४ साली आला. गोष्टींतल्या बायका एकमेकींच्या वैरी का, याचं उत्तर त्या बाईच्या स्वभावात शोधत नाहीत. बाळंतपणात बायका मरत होत्या, पुरुष पुन्हा लग्न करत होते, आणि घरातलं अन्न, हुंडा, वारसा हे सगळं पुरुषाच्या हातून मिळणार होतं. दोन बायकांना एकाच ताटातला घास हवा, असा तो मामला होता. त्या एक लक्षात राहण्यासारखी गोष्ट दाखवतात. फ्रेंच भाषेत सासूला आणि सावत्र आईला एकच शब्द आहे, ‘बेल-मेर’. आपल्याकडे शब्द दोन असले तरी कहाण्यांतल्या आणि मालिकांतल्या खलनायिका याच दोघी, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आवडती-नावडतीच्या कहाणीतही भांडण दोन राण्यांचं असतं. राजाला कुणी विचारत नाही.

तीन गोष्टी, तीन तऱ्हेचे अश्रू

आता दुःखाकडे येते. ग्रिम यांच्या संग्रहातल्या तीन गोष्टी मी मुद्दाम निवडल्या आहेत. तिन्हींत बाई रडते. तिच्या रडण्याचं पुढे काय होतं ते पाहा.

पहिली सिंड्रेलाची. आपल्याला माहीत असलेली सिंड्रेला आली ती फ्रान्सच्या शार्ल पेरोच्या १६९७च्या पुस्तकातून आणि १९५०च्या डिस्नेच्या सिनेमातून. त्यात परी येते, भोपळ्याचा रथ होतो. ग्रिम यांच्या गोष्टीत परी नाही. बाप जत्रेला निघतो तेव्हा सावत्र मुली कपडे-मोती मागतात. ही मागते ती वाटेत त्याच्या टोपीला लागलेली पहिली फांदी. ती फांदी ती आईच्या थडग्यावर लावते आणि इतकी रडते की तिच्या आसवांवर त्या फांदीचं झाड होतं. दिवसातून तीनदा ती तिथे जाते. राजवाड्यात जायचा पोशाख तिला याच झाडावरून मिळतो. म्हणजे तिला बळ मिळतं ते आईसाठी केलेल्या शोकातून. लोकप्रिय झालेल्या गोष्टीत परी राहिली आणि थडगं गेलं. आई गमावलेल्या मुलीला रडायला जी जागा गोष्टीने दिली होती, तीच कापली गेली.

दुसरी गोष्ट हात तुटलेल्या मुलीची. एक गरीब गिरणीवाला. सैतान त्याला म्हणतो, तुझ्या गिरणीमागे जे उभं आहे ते मला दे, मी तुला श्रीमंत करतो. गिरणीवाल्याला वाटतं, तिथे सफरचंदाचं झाड आहे. तिथे त्याची मुलगी झाडत उभी असते. सैतान न्यायला येतो, पण मुलगी रडून रडून आपले हात आसवांनी स्वच्छ करते आणि त्याला तिच्याजवळ जाता येत नाही. मग तो बापाला तिचे हात तोडायला सांगतो. बाप भिऊन तोडतो. तरीही ती त्या थोट्या हातांवर इतकी रडते की सैतानाला हार मानावी लागते. बाप म्हणतो, तुझ्यामुळे एवढी संपत्ती मिळाली, मी तुला जन्मभर सुखात ठेवीन. ती म्हणते, इथे मी राहणार नाही. आणि ती निघते.

पुढे एक राजा तिच्याशी लग्न करतो, तिला चांदीचे हात करून देतो. मुलगा होतो. सैतान पत्रांची अदलाबदल करतो आणि तिला तान्ह्या मुलाला पाठीशी बांधून पुन्हा घर सोडावं लागतं. मुलाचं नाव ‘दुःखाने भरलेला’ अशा अर्थाचं आहे. रानातल्या एका घरात ती सात वर्षं राहते आणि तिथे तिचे स्वतःचे हात पुन्हा उगवतात. ग्रिम याचं श्रेय देवाच्या कृपेला देतात. मला त्या सात वर्षांचं महत्त्व वाटतं. चांदीचे हात नवऱ्याने दिलेले होते, सुंदर होते, पण ते दिलेले होते. आपण आधारगृहात जागा मिळवून देतो, शिलाईचं यंत्र देतो, अर्ज लिहून देतो. हे चांदीचे हात आहेत. त्यांची गरज असतेच, त्यांना कमी लेखू नका. पण स्वतःचे हात उगवायला वेळ लागतो, आणि तो वेळ आपल्या अहवालाच्या रकान्यात बसत नाही.

अमेरिकेत टेरी विंडलिंग या संपादिकेने १९९५ साली ‘द आर्मलेस मेडन’ हा संग्रह काढला. त्याचं नावच या गोष्टीवरून घेतलं आहे. लहानपणी घरातच अत्याचार सोसून वाचलेल्यांसाठीच्या गोष्टी त्यात एकत्र केल्या आहेत. घरचाच माणूस मुलीला विकतो आणि पुन्हा तिचाच भार उचलल्याचा आव आणतो, हे सांगायला त्या लेखिकांना नव्याने काही रचावं लागलं नाही. गोष्टीत ते होतंच.

तिसरी गोष्ट अगदी छोटी आहे, मृत मुलाच्या कफनीची. एका बाईचा सात वर्षांचा मुलगा जातो. ती रात्रंदिवस रडते. मुलगा रात्री कफनी घालून तिच्या पायथ्याशी येऊन बसतो आणि म्हणतो, आई, रडू नकोस, तुझ्या आसवांनी माझी कफनी वाळत नाही, मला झोप लागत नाही. आई घाबरते, रडणं थांबवते. दुसऱ्या रात्री तो हातात दिवा घेऊन येतो आणि सांगतो, कफनी वाळत आली. मग ती आपलं दुःख देवाच्या हाती सोपवते, मुकाट सोसते आणि मुलगा पुन्हा येत नाही.

ही गोष्ट मी दोन तऱ्हांनी वाचते. एका वाचनात ती बाईला गप्प करते. मूल गेल्याचं दुःख आहेच, वर तुझ्या रडण्याने त्याला त्रास होतो हा दोषही तुझ्याच माथी. आपल्याकडे तेराव्याच्या आत बाईला सांगतात, ‘आता पुरे, राहिलेल्या मुलांकडे बघ.’ तसंच हे. पण दुसऱ्या वाचनात असं दिसतं की आईला कळणारं एकमेव बोलणं तिच्या मुलाचंच आहे. भटजी, शेजारी, नवरा कुणी तिला थांबवत नाही. आणि तो एकदम नाहीसा होत नाही, पुन्हा दिवा घेऊन येतो. निरोप घ्यायला दोन रात्री मिळतात. कुठलं वाचन बरोबर, हे ऐकणारी बाई कोण आहे आणि तिला ही गोष्ट कोण सांगतं आहे, यावर अवलंबून आहे. कोवळ्या दुःखातल्या बाईला हीच गोष्ट सासूने सांगितली तर ती धमकी होते. मूल गमावलेल्या दुसऱ्या बाईने सांगितली तर कदाचित सोबत होते.

लेखिकांनी काय केलं?

१९७१ साली अमेरिकन कवयित्री ॲन सेक्स्टन हिने ‘ट्रान्सफॉर्मेशन्स’ नावाचं पुस्तक काढलं. ग्रिम यांच्या गोष्टींवरच्या सतरा कविता. सांगणारी आहे एक मध्यमवयीन चेटकीण. शेवटची कविता शंभर वर्षं झोपलेल्या राजकन्येची. ती जागी होते, लग्न होतं, पण आता तिला झोपेचीच भीती वाटते, कारण अंधारात बिछान्याजवळ येणारा बाप तिला आठवतो. आपल्याकडे मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरोधी कायदा २०१२ साली आला. घरातल्या त्या माणसाबद्दल बोलणं कायद्यानंतरही किती कठीण आहे, हे केंद्रावर बसणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. सेक्स्टनने ते परीकथेच्या आडून का होईना, चाळीस वर्षं आधी छापून काढलं.

इंग्लंडची अँजेला कार्टर (१९४०–१९९२) ही या वाटेवरची सर्वांत ठळक लेखिका. तिने १९७७ साली पेरोच्या गोष्टींचं भाषांतर केलं आणि १९७९ साली ‘द ब्लडी चेंबर’ हा कथासंग्रह काढला. मुख्य कथा बायका मारून खोलीत बंद करणाऱ्या निळदाढ्याची. पेरोच्या गोष्टीत नव्या नवरीला तिचे भाऊ येऊन वाचवतात. कार्टरच्या कथेत आई येते, घोड्यावर बसून, मेलेल्या नवऱ्याचं पिस्तूल घेऊन. फोनवरच्या लेकीच्या रडण्यावरून तिने ओळखलेलं असतं. लग्न झालेल्या मुलीचा फोन आपल्याकडच्या किती आया ‘होईल सगळं ठीक’ म्हणून ठेवून देतात, ते आठवा आणि मग ही कथा वाचा. मुलगी वाचते, पण तिच्या कपाळावर किल्लीचा रक्ताचा डाग कायमचा राहतो. वाचणं म्हणजे काही घडलंच नाही असं होणं नव्हे, हे कार्टर सोडून देत नाही.

पण कार्टरला डोक्यावर घ्यायचं कारण नाही. तिच्यावर टीका झाली ती स्त्रीवादी वर्तुळातूनच. पॅट्रिशिया डंकर यांनी १९८४मध्ये मांडलं की जुन्या गोष्टीचा साचा तसाच ठेवला की त्यातलं स्त्री-पुरुषांचं नातंही बरंचसं तसंच राहतं. माझा स्वतःचा आक्षेप आणखी एका जागी आहे. लाल टोपीवालीच्या गोष्टीवरून केलेल्या तिच्या ‘द कंपनी ऑफ वुल्व्ज’ या कथेत, जिच्यावर पुढे १९८४ साली सिनेमा निघाला, मुलगी लांडग्याला भीत नाही. ती हसते आणि आपल्या इच्छेची मालकीण होते. पेरोच्या गोष्टीत ती खाल्ली जाते आणि वर मुलींनी गोडबोल्या लांडग्यांपासून सावध राहावं असा उपदेश येतो. त्याला दिलेलं हे उत्तर जबरदस्त आहे. पण पलंगाखाली आजीची हाडं वाजत असतात, आणि तिच्यासाठी कुणी रडत नाही. मुलीला मोठं व्हायला आजीचं मरण विसरावं लागतं का? आपल्या चळवळीनेही तरुण बाईच्या मुक्तीबद्दल पुष्कळ लिहिलं, म्हाताऱ्या बाईच्या वाट्याला त्यामानाने कमी ओळी आल्या. मात्र कार्टरनेच पुढे जगभरच्या आजीबाईंच्या गोष्टी गोळा केल्या, हेही सांगायला हवं. ‘विरागो’ या स्त्रीवादी प्रकाशनासाठी तिने संपादित केलेला संग्रह १९९० साली आला, त्याचा दुसरा भाग तिच्या मृत्यूनंतर.

मुलाचं दुःख, आईचं दुःख

आयर्लंडच्या जॉन कॉनली या लेखकाची ‘द बुक ऑफ लॉस्ट थिंग्ज’ ही कादंबरी २००६ साली आली. दुःख आणि मोठं होणं यावरची मोठ्यांसाठीची परीकथा म्हटलं की हिचं नाव हमखास निघतं. दुसऱ्या महायुद्धातलं इंग्लंड. बारा वर्षांच्या डेव्हिडची आई आजारपणात जाते. बाप पुन्हा लग्न करतो, नवं बाळ होतं. आईचा आवाज आपल्याला हाक मारतो आहे असं वाटून डेव्हिड गोष्टींच्या भयानक जगात शिरतो. तिथला वाकडा माणूस त्याला म्हणतो, तुझ्या सावत्र भावाचं नाव मला सांग, मी तुला राजा करतो. तिथल्या म्हाताऱ्या राजाने लहानपणी असाच सौदा केलेला असतो. मत्सरापायी त्याने घरात वाढवायला आणलेल्या अॅना या मुलीला देऊन टाकलेलं असतं. डेव्हिड नाव सांगत नाही. मेलेली आई परत येणार नाही हे स्वीकारणं आणि आपल्या दुःखाची किंमत दुसऱ्या मुलाकडून वसूल न करणं, हे त्याचं मोठं होणं.

सावत्र आई इथे खलनायिका नाही. युद्धकाळात तान्हं मूल आणि रुसलेला मुलगा सांभाळताना थकलेली ती साधी बाई आहे. एवढ्यासाठीही मी लेखकाचे आभार मानीन. पण त्या गोष्टींच्या जगातल्या बायका पाहा. मुलांची शिकार करणारी बाई, किल्ल्यात झोपून पुरुषांना मारणारी बाई. माणसाळलेले लांडगे जन्मले तेही लाल टोपीवालीने लांडग्याला भुलवलं म्हणून! पेरोने तीनशे वर्षांपूर्वी मुलीवर ठेवलेला ठपका इथेही तसाच आहे. काळोखी गोष्ट म्हणजे आपोआप धीट गोष्ट असं समजायचं कारण नाही. २०२३ साली याच लेखकाने पुढचं पुस्तक लिहिलं, ‘द लँड ऑफ लॉस्ट थिंग्ज’. त्यात अपघातानंतर बेशुद्ध पडून असलेल्या मुलीची आई त्या जगात जाते आणि तिथे पुन्हा सोळा वर्षांची होते. आईलाही मोठं होणं बाकी असतं, तिचंही दुःख गोष्टीचा विषय होऊ शकतं, एवढी वाट तरी इथे उघडली.

आपल्या गटांत

आता कामाचं बोलते. केंद्रावर आलेल्या बाईला आपण विचारतो, कधीपासून मारतो, साक्षीदार कोण, दागिने कुणाकडे. हे विचारावंच लागतं. पण नवऱ्याचं घर सोडून आलेली बाई त्या घरासाठी रडते तेव्हा आपण अस्वस्थ होतो. मारणाऱ्या माणसासाठी काय रडायचं, असं आपल्याला वाटतं. ती रडत असते तिच्या दहा वर्षांसाठी, अंगणातल्या तुळशीसाठी, न मिळालेल्या संसारासाठी. तिला लगेच ‘खंबीर हो’ सांगणं म्हणजे आपणही कफनी वाळवायची घाई करणं.

म्हणून गटांत एक प्रयोग करून पाहावा, असं मी सुचवते. ओळखीची कुठलीही गोष्ट घ्या, सिंड्रेला घ्या नाहीतर आपली एखादी कहाणी घ्या. तीन प्रश्न विचारा. यात रडतं कोण? तिला गप्प कोण करतं? आणि ज्याच्यामुळे हे घडलं तो गोष्टीत कुठे आहे? मग प्रत्येकीने ती गोष्ट जिथे खटकते तिथून पुढे आपल्या मनाने सांगायची. बाई स्वतःबद्दल जे बोलू शकत नाही ते राजकन्येबद्दल बोलू शकते, आणि केव्हाही ‘ती गोष्ट होती’ म्हणून मागे फिरू शकते. ही माघारीची वाट उघडी राहिली पाहिजे.

काही पथ्यं मात्र पाळा. कुणालाही बोलायची सक्ती नको. ‘ही तुझीच गोष्ट ना?’ असं चारचौघींत विचारू नका. गटातलं बोलणं गटाबाहेर, मासिकातसुद्धा, तिच्या परवानगीशिवाय जाता कामा नये. एखादी फारच कोसळली तर गोष्ट थांबवा, तिच्याजवळ बसा, आणि प्रशिक्षित समुपदेशकाची मदत घ्या. गोष्ट ही उपचाराला पर्याय नाही. आणि शेवट गोड करायची घाई करू नका. सगळ्याच गोष्टी त्याच दुपारी सुफळ संपूर्ण होत नाहीत.

पुढच्या शिबिराला येताना प्रत्येकीने आजीकडून, मावशीकडून, शेजारणीकडून ऐकलेली एक गोष्ट आणावी, अशी माझी विनंती आहे. मुलांना सांगताना आपण तिच्यातला जो भाग गाळतो, तोही घेऊन या. तो भाग कुणी आणि का गाळला, याचा विचार आपण सगळ्याजणी मिळून करू.